फोन खिशात, लक्ष मनगटावर: गाडी चालवताना स्मार्टवॉच, इअरबड्स आणि स्मार्ट चष्मे कितपत सुरक्षित?

संध्याकाळी ऑफिसमधून तुम्ही घरी निघालात. गाडी चालवताना फोन हातात घ्यायचा नाही, हे तुम्ही कटाक्षाने पाळता. फोन बॅगेत आहे, डोक्यावर हेल्मेट आहे, कानात इअरबड्स आहेत. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ थरथरतं. हात जरासा वळतो, नजर खाली जाते. आईचा मेसेज असतो, "निघालीस का?" नजर पुन्हा रस्त्यावर येते.

यात किती वेळ गेला? फार तर दोन सेकंद.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. तीन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या, तर साधारण तेवढं अंतर होतं. ते तुम्ही रस्त्याकडे न बघता कापलंत.

फोनचा धोका आता बहुतेकांना पटला आहे. पण घड्याळ, इअरबड्स, स्मार्ट चष्मा या अंगावर घालायच्या वस्तूंबद्दल अनेकांची समजूत वेगळी असते. 'हात तर मोकळे आहेत ना, मग काय प्रॉब्लेम आहे?' याच प्रश्नावर संशोधकांनी बरंच काम केलं आहे. त्यातून काय समोर आलं, ते समजून घेऊया.

'ह्यूमन फॅक्टर्स' म्हणजे नेमकं काय?

माणूस आणि यंत्र यांचं एकमेकांशी कसं जुळतं, याचा अभ्यास करणारी ही शाखा आहे. ती जोमाने वाढली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यानंतर फ्लॅप्स आत घेण्याऐवजी चुकून विमानाची चाकंच आत घेत होते. आल्फॉन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तेव्हा कारण लक्षात आलं. दोन्हींची बटणं जवळजवळ होती आणि दिसायलाही सारखीच. मग बटणांना वेगवेगळे आकार देण्यात आले. न बघता, नुसत्या स्पर्शाने ओळखू येतील असे.

या शाखेची विचार करायची पद्धत यातून कळते. 'चूक कोणाची?' इथेच न थांबता 'ही चूक इतकी सोपी कशामुळे झाली?' हे ती विचारते. स्मार्टवॉचच्या बाबतीतही हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

पहिला प्रयोग: डोळ्यांवर पडदा पाडणारं हेल्मेट

गाडी चालवताना माणसाला रस्त्याकडे किती वेळ बघावं लागतं? १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन सेंडर्स या संशोधकाला हा प्रश्न पडला. उत्तर शोधायला त्यांनी एक हेल्मेट बनवलं. त्याच्या पुढच्या बाजूला एक पडदा होता. तो ठरावीक वेळाने खाली पडायचा आणि पुन्हा उचलला जायचा. पडदा खाली असताना रस्ता दिसत नसे. हे हेल्मेट घालून सेंडर्स यांनी बोस्टनजवळच्या महामार्गावर स्वतः गाडी चालवली.

प्रयोग दोन प्रकारे झाला. एकात पडद्याची वेळ ठरवून दिली आणि चालक किती वेगाने जाऊ शकतो ते पाहिलं. दुसऱ्यात वेग ठरवून दिला आणि चालकाला रस्ता कधी पाहावासा वाटतो ते मोजलं. वेग वाढला की रस्ता जास्त वेळा बघावा लागतो, असं दिसलं. रस्ता वळणावळणाचा असला, तरी तेच.

याचं कारण सोपं आहे. नजर हटली की आपण रस्त्याच्या शेवटच्या चित्रावर विसंबून गाडी चालवत असतो. ते चित्र क्षणाक्षणाला जुनं होत जातं. रिकाम्या सरळ रस्त्यावर ते सावकाश जुनं होतं, गर्दीच्या चौकात झपाट्याने.

या कामासाठी सेंडर्स यांना २०११ मध्ये इग्नोबेल पुरस्कार मिळाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा हा पुरस्कार. हेल्मेट विनोदी दिसत असेल, पण त्यातून पुढे आलेला प्रश्न आजही मोजला जातो: नजर किती वेळ हटली तर चालतं?

दोन सेकंदांचा हिशोब

या प्रश्नाचं एक ठोस उत्तर प्रत्यक्ष रस्त्यावरून मिळालं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक परिवहन संस्थेने १०० गाड्यांमध्ये कॅमेरे आणि सेन्सर बसवून वर्षभराहून अधिक काळ चालकांचं निरीक्षण केलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं, की नजर रस्त्यावरून दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ हटली तर अपघाताचा किंवा थोडक्यात हुकलेल्या अपघाताचा धोका किमान दुपटीने वाढतो.

याच संस्थेने ट्रकचालकांचाही अभ्यास केला. २००९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, फोनवर मेसेज टाइप करताना अपघात किंवा अपघातासारख्या प्रसंगाचा धोका २३ पट झाला. अशा प्रसंगांच्या सहा सेकंदांच्या काळात चालकाची नजर सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हतीच.

चालकाचं लक्ष तीन प्रकारे हटतं. नजर हटते, हात हटतो किंवा मन हटतं. फोनवर मेसेज टाइप करताना तिन्ही एकदम हटतात, म्हणून तो सर्वांत वाईट. अंगावर घालायच्या वस्तू बनवणाऱ्यांचा दावा साधारण असा असतो, की आमच्यामुळे यातलं एखादं तरी वाचतं. हा दावा कितपत खरा, ते एकेक वस्तू घेऊन पाहू.

स्मार्टवॉच: छोटा स्क्रीन, मोठा घोळ

घड्याळात मेसेज चटकन दिसतो, त्यामुळे फोनपेक्षा ते सुरक्षित असेल असं वाटणं साहजिक आहे. २०१५ मध्ये अ‍ॅपल वॉच बाजारात आलं, तेव्हा ब्रिटनमधल्या टीआरएल या परिवहन संशोधन संस्थेचे आकडे चर्चेत आले. समोर अचानक काही घडल्यावर चालकाला प्रतिक्रिया द्यायला किती वेळ लागतो, याचे हे आकडे होते:

• शेजारच्या प्रवाशाशी बोलताना: ०.९ सेकंद
• हातात फोन धरून बोलताना: १.८५ सेकंद
• स्मार्टवॉचवर मेसेज वाचताना: २.५२ सेकंद

ताशी ६० किलोमीटर वेगाने हे अंतरात मोजलं, तर अनुक्रमे १५, ३१ आणि ४२ मीटर होतात. आणि हे अंतर फक्त ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं आहे. गाडी थांबायला लागणारं अंतर त्यापुढे.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी. इथे फोनवर बोलणं आणि घड्याळावर वाचणं यांची तुलना आहे. त्यामुळे घड्याळ प्रत्येक बाबतीत फोनपेक्षा वाईट, असा याचा अर्थ नाही. मनगटावरचं 'नुसतं एकदा बघणं' वाटतं तितकं निरुपद्रवी नाही, एवढं मात्र यातून नक्की कळतं.

असं का होतं? घड्याळाचा स्क्रीन लहान असतो. अक्षरं बारीक, मेसेज अर्धाच दिसतो, पुढचं वाचायला बोट सरकवावं लागतं. फोन एका हाताने वापरता येतो. घड्याळ वापरायला मात्र एक हात दाखवायला आणि दुसरा स्पर्श करायला, असे दोन्ही हात गुंततात.

आता हेच दुचाकीवर कसं होतं ते पाहा. घड्याळ डाव्या हातात असेल तर त्याच हाताशी बाइकचा क्लच असतो, स्कूटरचा मागचा ब्रेक असतो. उजव्या हातात असेल तर तिथे अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. घड्याळ बघायला मनगट वळवलं, की यातल्या एका गोष्टीवरची पकड सैल होते. कारमधल्या माणसाकडे निदान चार चाकांचा आधार असतो. दुचाकीवर तोल आपल्यालाच सांभाळायचा असतो.

न बघताही लक्ष जातं

'मेसेज येऊ दे, मी बघतच नाही,' असं म्हणणारेही अनेक असतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा २०१५ मधला प्रयोग महत्त्वाचा आहे. हा प्रयोग गाडी चालवण्याचा नव्हता. लोकांना संगणकावर सतत लक्ष द्यावं लागेल असं काम दिलं होतं. मध्येच काहींच्या फोनवर नोटिफिकेशन पाठवलं. त्यांनी फोनला हातही लावला नाही, तरी त्यांच्या चुका वाढल्या. फोन प्रत्यक्ष वापरल्याने जितका फरक पडतो, साधारण तितकाच.

कारण नोटिफिकेशन वाजलं की मनात प्रश्न सुरू होतात. कोणाचा असेल? ऑफिसचा ग्रुप असेल का? पैसे जमा झाले असतील का? हात जागेवर असतो, डोळे रस्त्यावर असतात, मन मात्र मेसेजपाशी पोचलेलं असतं.

फोन बॅगेत असेल तर हा धक्का अनेकदा जाणवतही नाही. घड्याळ मात्र थेट त्वचेवर थरथरतं. ते चुकवता येऊ नये, अशीच त्याची रचना आहे.

इअरबड्स: हात मोकळे, डोक्याचं काय?

'हँड्स-फ्री' हा शब्द आपल्याला फार दिलासा देतो. पण संशोधन इतकं उदार नाही.

टोरोंटोमधल्या संशोधकांनी अपघातात सापडलेल्या ६९९ मोबाइलधारक चालकांच्या कॉलच्या नोंदी तपासल्या. १९९७ च्या या अभ्यासात फोन वापरताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला. हातात न धरता बोलणारे हातात धरून बोलणाऱ्यांपेक्षा सुरक्षित होते, असं काही दिसलं नाही.

युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेअर यांनी यामागचं कारण शोधलं. त्यांनी सिम्युलेटरमध्ये चालकांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. हँड्स-फ्री फोनवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या वस्तूंवर पडत होती. पण नंतर विचारलं, तर त्यातलं बरंचसं त्यांना ओळखता येत नव्हतं. डोळ्यांसमोर असूनही ते त्यांनी 'पाहिलं' नव्हतं.

मग शेजारच्या माणसाशी बोलणं चालतं, ते कसं? तेही बोलणंच आहे की. स्ट्रेअर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेही तपासलं. मित्रांच्या जोड्या घेतल्या. चालकाला महामार्गावरून एका ठरावीक ठिकाणी बाहेर पडायचं होतं. मित्र शेजारी बसून बोलत होता, तेव्हा बहुतेकांना ते जमलं. तोच मित्र फोनवर असताना निम्म्या चालकांचं वळण हुकलं.

फरक कशाचा होता? शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. गर्दी आली की तो आपोआप गप्प होतो, 'अरे, इथून वळायचंय' असं सांगतो. फोनवरच्या माणसाला तुमच्यासमोर आलेला ट्रक दिसत नाही. तो बोलतच राहतो.

बोलून आदेश देण्याच्या सोयीचंही तसंच आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनसाठी स्ट्रेअर यांच्या गटाने कारमधल्या आणि फोनमधल्या अशा व्यवस्था तपासल्या. त्यातल्या सर्वांत किचकट व्यवस्था वापरल्यावर, काम संपल्यानंतरही चालकाचं लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. ताशी ४० किलोमीटर वेगाने २७ सेकंद म्हणजे ३०० मीटर.

स्मार्ट चष्मा: नजर समोर, तरीही

मग माहिती थेट डोळ्यांसमोरच आली तर? मान खाली घालायलाच नको. गुगल ग्लासबद्दल हाच दावा केला जायचा.

सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या बेन सॉयर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तो तपासला. विशीतल्या ४० जणांनी सिम्युलेटरमध्ये गाडी चालवली. मेसेजना उत्तर देताना काहींकडे स्मार्टफोन होता, काहींकडे गुगल ग्लास. मध्येच पुढच्या गाडीने करकचून ब्रेक मारला. ग्लासवाल्यांची प्रतिक्रिया फोनवाल्यांपेक्षा चांगली नव्हती. प्रसंग टळल्यानंतर मात्र ते लवकर सावरले. आणि दोन्ही गट, मेसेज न करता गाडी चालवणाऱ्यांपेक्षा मागेच होते.

म्हणजे चष्म्याने त्रास थोडा कमी केला, संपवला नाही. वैमानिकांच्या बाबतीत हे आधीच दिसलं होतं. नासाच्या १९८० मधल्या एका सिम्युलेटर अभ्यासात समोरच्या काचेवर माहिती दिसत असताना काही वैमानिकांना धावपट्टीवर उभं असलेलं विमान दिसलंच नाही. त्यांची नजर त्याच दिशेला होती. लक्ष काचेवरच्या आकड्यांमध्ये होतं.

कायदा काय म्हणतो?

२०१८ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ शहरात एका विद्यार्थिनीला दंड झाला. सिग्नल हिरवा झाला, बाकीच्या गाड्या निघाल्या, तिची गाडी तिथेच होती. पोलिसांना घड्याळाच्या स्क्रीनचा उजेड दिसला होता. 'मी फक्त वेळ बघत होते,' असं तिने सांगितलं. घड्याळ फोनपेक्षा लहान आहे आणि मनगटावर बांधलेलं आहे, एवढ्यावरून ते फोनपेक्षा सुरक्षित ठरत नाही, असं म्हणत न्यायालयाने तिला ४०० कॅनेडियन डॉलर दंड केला.

त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत गुगल ग्लास घालून गाडी चालवणाऱ्या एका महिलेला पावती मिळाली होती. ती मात्र सुटली. ग्लास त्या वेळी चालू होता, हे सिद्ध झालं नाही. अंगावरच्या उपकरणांबाबत पोलिसांपुढची अडचण हीच आहे. कानाला लावलेला फोन लांबून दिसतो. घड्याळावर गेलेली नजर कशी सिद्ध करणार?

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातात धरायचं संपर्क उपकरण वापरणं हे धोकादायक वाहन चालवणं मानलं जातं. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ऑक्टोबर २०२० पासून असं उपकरण रस्ता शोधण्यासाठी वापरायला मुभा मिळाली, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही या अटीवर.

या तरतुदीतला शब्द आहे 'हातात धरायचं'. घड्याळ हातावर असतं, हातात नसतं. इअरबड्स तर कानात. कायद्याची भाषा फोन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. पण रस्त्यावर येणारा ट्रक कलमाचे शब्द वाचत नाही.

आपल्यासाठी हे का महत्त्वाचं?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ४४.५ टक्के, म्हणजे जवळपास ७५ हजार, दुचाकीवरचे होते. हे सगळे फोन किंवा घड्याळामुळे गेले असं नाही. पण वर सांगितलेले बहुतेक प्रयोग कारमधले आहेत. तिथे रस्ते आखलेले आहेत, लेन पाळल्या जातात. आपल्याकडे खड्डा, उलट दिशेने येणारी रिक्षा आणि मध्येच थांबलेला टेम्पो, हे सगळं एकाच मिनिटात समोर येतं. सेंडर्स यांच्या भाषेत सांगायचं, तर रस्त्याचं चित्र इथे फार लवकर जुनं होतं.

त्यात स्मार्टवॉच आता दीड-दोन हजार रुपयांत मिळतं. आणि काही जणांसाठी नोटिफिकेशन हेच काम आहे. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला 'फोन बंद ठेव' म्हणणं सोपं आहे, पण त्याची पुढची ऑर्डर त्याच फोनवर येते. ती चालत्या गाडीवर स्वीकारावी लागू नये, ही जबाबदारी अ‍ॅप बनवणाऱ्यांवरही येते. बी-१७ च्या बटणांचा धडा हाच होता.

मग ही उपकरणं वाईटच का?

नाही. त्वचेवरची थरथर माणसाचं लक्ष फार पटकन वेधते. २००८ मधल्या एका सिम्युलेटर अभ्यासात पुढच्या गाडीवर आदळण्याचा इशारा स्पर्शाने दिला, तेव्हा चालकांनी दिव्यापेक्षा लवकर ब्रेक लावला. २०२२ पासून अ‍ॅपलच्या नव्या घड्याळांमध्ये कारचा जोरदार अपघात ओळखून मदतीसाठी आपोआप फोन करण्याची सोय आहे.

म्हणजे गुण तोच आहे. लक्ष वेधून घेण्याची ताकद. ती धोक्याच्या इशाऱ्यासाठी वापरली तर जीव वाचेल, सेलच्या जाहिरातीसाठी वापरली तर जाईल.

आपण काय करू शकतो?

• गाडी सुरू करण्याआधी फोनवर 'ड्रायव्हिंग' किंवा 'डू नॉट डिस्टर्ब' मोड लावा. घड्याळावरही तो लागला आहे ना, हे एकदा तपासा. अनेकदा फोन शांत होतो आणि घड्याळ थरथरतच राहतं.
• मेसेज, ग्रुप आणि खरेदीच्या अ‍ॅपची नोटिफिकेशन्स घड्याळावर कायमची बंद करा.
• रस्ता शोधायचा असेल तर निघण्याआधी पत्ता टाका. वाटेत बदलायचा असेल तर गाडी बाजूला घ्या.
• महत्त्वाचा कॉल असेल तर इअरबड्सवर बोलत राहण्यापेक्षा थांबून बोला.
• सिग्नलला थांबल्यावर घड्याळ बघणंही टाळा. सिग्नल सुटतो तेव्हा मन मेसेजमध्येच असतं.
• तुम्ही कोणाला फोन केला, तर पहिला प्रश्न विचारा, "गाडीवर आहेस का?" उत्तर 'हो' आलं की फोन ठेवा.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि तिला कोणतंही सेटिंग लागत नाही. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नाही, हा संशोधनात सापडलेला दोष ती एका वाक्यात भरून काढते.

पूर्वी गाडीवर फोन वापरायला तो खिशातून काढावा लागायचा. त्या खटाटोपामुळेच कित्येकदा आपण तो टाळायचो. अंगावरच्या उपकरणांनी हा खटाटोप संपवला. बघणं सोपं झालं, म्हणून ते सुरक्षित झालं नाही. आईच्या "निघालीस का?" ला उत्तर घरी पोचूनही देता येतं.